आज कुठली भरती?

बंदराच्या अलीकडे आमच्या रस्त्याला एक वळण आहे. तिथे टेकडी नाही, विहीर नाही, देऊळ नाही, कुणाचं जुनं घर आडवं आलेलं नाही. शहाण्यासारखा सरळ चाललेला रस्ता मध्येच उजवीकडे पोट काढतो आणि पुन्हा सरळ होतो. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक इंजिनीअर मुलगा राहतो. त्याने मला लिफ्टपाशी अडवून विचारलं, "आजोबा, तुम्ही या रस्त्यावर कामाला होता ना? मग हे वळण कशाला घेतलं? मी नकाशे बघितले, कारणच सापडत नाही." मी म्हटलं, उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, लिहून देतो. दिवाळी अंकवालं मंडळही माझ्या मागे लागलंच होतं. एका कामात दोन कामं.

माझं शिक्षण दुसरी. तीही पुरी नाही. तेव्हा चुकीबद्दल बोलू नये. नातीने कागद वाचून ऱ्हस्व-दीर्घ नीट केले आहेत. शब्द बदलायला गेली तेव्हा तिच्या हातातून कागद काढून घेतला. या गोष्टीत शब्दच महत्त्वाचा आहे, तो बदलला तर गोष्टच बुडाली.

हा रस्ता कल्याणातून निघतो आणि काळवाडी बंदरावर संपतो. चार मैलांच्या आतबाहेर. पुढे त्याला राज्य महामार्ग म्हणून नंबर मिळाला, दगडावर तो नंबर मीच काळ्या रंगाने रंगवला. एवढ्याशा रस्त्याला एवढं मोठं नाव, म्हणून लोक हसायचे. कुणी पाहुणा विचारायचा, "हा महामार्ग जातो कुठे?" आम्ही सांगायचो, "पाण्यात." खोटं काय त्यात? शेवटचा दगड संपला की धक्का आणि धक्क्याखाली खाडी. कागदावर ती उल्हास नदी. पण दिवसातून दोन वेळा समुद्राचं पाणी तिच्यात वर चढतं आणि दोन वेळा उतरतं, म्हणून आम्ही तिला खाडीच म्हणतो. त्या पाण्यावर पडाव यायचे. शिडाची मोठी, पसरट बुडाची होडी म्हणजे पडाव. त्यातून मीठ, मंगलोरी कौलं, रेती, सुकी मासळी उतरायची, आणि बैलगाड्यांतून कल्याणच्या बाजारात जायची. जाताना पडाव भात आणि गवत घेऊन जायचे.

मी मैलकुली होतो. आता ही जात उरली नाही म्हणून सांगतो. रस्त्याचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा एकेका माणसाच्या गळ्यात बांधायचा, तो मैलकुली. खड्डा पडला, भर. बाजूचं गटार तुंबलं, मोकळं कर. झाडाची फांदी खाली आली, तोड. दगडांना चुना लाव. बायकोशी भांडण झालं तरी चालेल, पण रस्त्याशी नाही. माझ्या तुकड्यात एक गाडीवान रोज झोपून यायचा. बैलांना रस्ता पाठ. मी नवा मुरूम पसरला की त्याचे बैल नेमके त्याच्यावरून जायचे, कारण पायांना मऊ लागायचं. मी त्याला उठवून शिव्या घालायचो, तो म्हणायचा, "मला कशाला सांगतोस, बैलांना सांग." शेवटी मी बैलांनाच सांगितलं. मुरमावर बाभळीच्या काट्या टाकल्या.

स्वराज्य आल्यावर दोन-तीन वर्षांनी हुकूम आला की रस्ता रुंद आणि पक्का करायचा, लॉऱ्या थेट धक्क्यापर्यंत गेल्या पाहिजेत. जुनी गाडीवाट खाडीच्या एका लहान फाट्याला लांबून वळसा घालून जायची. अशा फाट्याला आम्ही पोय म्हणतो. ओहोटीला तिच्यात गुडघाभर चिखल, भरतीला पुरुषभर पाणी. वादळवाऱ्यात काळवाडीच्या होड्या या पोयीत शिरून बसायच्या. नकाशावाल्यांनी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली ती पोयीच्या तोंडावरून गेली. म्हणजे पोयीचं तोंड मातीने बुजवायचं आणि वरून रस्ता न्यायचा. गावात कुरकुर झाली, पण सरकारी काम, कोण बोलणार.

खडी दाबायला ठाण्याहून वाफेचा रोलर आला. कल्याण ते काळवाडी सगळी पोरंटोरं त्याच्या मागून चालत आली. त्याच्यावर सखाराम ड्रायव्हर. कऱ्हाडच्या बाजूचा, काळा, उंच, गळ्यात माळ. बायको पारूवहिनी आणि तान्हं मूल घेऊन रस्त्याच्या कडेला राहुटीत राहायचा. हा रोलर त्याला नुकताच मिळाला होता. आधी बरीच वर्षं त्याने दुसऱ्याच्या रोलरवर कोळसा मारण्यात घालवली होती. रोज सकाळी तो रोलरच्या चाकाला हात लावून मग आपल्या कपाळाला लावायचा.

माणूस चांगला, पण खाडीला ओढा म्हणायचा. पडावाला नाव. चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, बघून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला होता, पुढे येईना. आम्ही पोट धरून हसलो. मग आम्ही भाकरी खायला हाक मारली तर तो हसायचा, कारण आमची तांदळाची. "ही भाकरी हाय व्हय? उजेड दिसतोय पल्याडचा." दिवसभर असं चालायचं. आम्ही एकमेकांचं बोलणं अर्धंमुर्धं समजून घ्यायचो आणि उरलेलं समजलं असं धरून चालायचो. घोटाळा त्या उरलेल्यात असतो.

त्या दिवशी एकादशी होती. सखारामचा उपास, म्हणून लक्षात आहे. पोयीच्या तोंडावर आदल्या दिवशी माती टाकून झाली होती. वरून ती उन्हाने वाळून पांढरी पडलेली. परक्याला वाटेल, ओटाच आहे. पण सकाळी खाडीचं पाणी चढत होतं. ते वरून दिसत नाही. खालून मातीत शिरतं. वर भाकरी आणि खाली पेज, असं होतं. ओहोटी लागून पाणी निथळेपर्यंत त्याच्यावर कुत्रंसुद्धा सोडू नये.

मी पोयीच्या पलीकडे धक्क्याच्या बाजूला गटार खणत होतो. लाल निशाण कल्याणच्या अंगाला लांब रोवलेलं, गाड्या थांबवायला; रोलरचं काम त्याच्या आतच असायचं. बघतो तर रोलर धूर सोडत भरावाकडे निघालेला. मी फावडं टाकलं, दोन्ही हात वर केले आणि बोंबललो, "सखारामदादा, भरती हाय! पुढं भरती हाय!"

त्यानेही हात वर केला. समजलं असा. आणि जरा जोरातच पुढे आला.

मी आणखी मोठ्याने ओरडलो. जेवढ्या जोराने मी ओरडावं तेवढ्या खुशीत तो मान हलवतोय. मला वाटलं, याला वेड लागलं. भरावाच्या मध्यावर आला तेव्हा माती नुसती थरथरली, म्हशीची कातडी थरथरते तशी. मग खाडीकडची कड बसली. रोलर हळूच कलला आणि कुशीवर झोपायला जावा तसा पोयीत उतरला.

आमचे लोक ओरडत होते, उडी मार. सखाराम उडी मारेना. तो वाकून आगीच्या तोंडातून पेटते निखारे फावड्याने बाहेर फेकत होता. आम्हाला वाटलं घाबरून डोकं फिरलं. मागाहून कळलं, तापलेल्या बॉयलरवर थंड पाणी एकदम चढलं तर तो तडकतो, फुटतोही. पाणी त्याच्या कमरेला लागलं तरी तो उपसतच होता. मी पोहत गेलो आणि त्याची माळ सोडून हाताला लागेल ते धरून त्याला ओढलं. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "लेका, भरती हाय म्हनलास की रं!"

मी म्हटलं, "मग? नव्हती का भरती?"

आम्हा दोघांनाही काहीच कळेना.

मोठे साहेब ठाण्याहून यायचे होते. त्याआधी आमच्या कामावरच्या मुकादमाने मला बाजूला घेतलं. तो ठाण्याच्या नौपाड्यात राहायचा, कचेरीचे वारे ओळखायचा. म्हणाला, हे बघ, सरकारी रोलर बुडालाय, कुणाचं तरी नाव लागणार. तू सांग की मी थांब-थांब म्हणत होतो आणि ड्रायव्हरने ऐकलं नाही. तू सुटशील, मीही सुटेन. सखाराम परमुलखातला, जाईल आपल्या गावी. मी म्हटलं, मी थांब म्हणालोच नाही तर सांगू कसं? तो म्हणाला, एका शब्दाचा तर फरक आहे. मी म्हटलं, माझ्या तोंडातून जो शब्द निघाला तोच मी सांगणार. मुकादम म्हणाला, मग बस घरी मासे मारत. तिकडे राहुटीपाशी पारूवहिनी मुलाला मांडीवर घेऊन आमच्याकडे बघत होती. आम्ही काय बोललो ते तिला ऐकू गेलं नसेल, पण तिने काय ते ओळखलं असावं.

साहेब आले. सगळ्यांना भरावावर उभं केलं. खाली पोयीत रोलरची चिमणी तेवढी चिखलातून वर आलेली.

साहेबांनी मला विचारलं, "तू काय ओरडलास?"

"भरती हाय, असं."

सखारामला विचारलं, "तू काय ऐकलंस?"

"भरती हाय, असंच वरडला की, साहेब."

"मग पुढे गेलास कशाला?"

"भरती हाय म्हनला म्हनून गेलो."

साहेबांचा चेहरा लाल झाला. दोघांनी मिळून आपली थट्टा मांडली आहे असं त्यांना वाटलं. मुकादम माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागला. साहेबांनी दात आवळून मला विचारलं, "कसली भरती?"

मी म्हटलं, "आता भरती आणखी कसली असते साहेब? पाण्याची."

सखाराम एकदम माझ्याकडे वळला. "पाण्याची? आरं, पाण्याला पूर म्हनत्यात! भरती मातीची आस्ती. खड्ड्यात माती घातली, दाबली, म्हंजे भरती. मला वाटलं, तू सांगतुयास, पुढं भरती घातलीया, पक्की हाय, ये बिनघोर."

मग साहेब खाली खडीच्या ढिगावर बसले आणि रुमालाने तोंड पुसत राहिले. ते हसत होते की काय हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आयुष्यभर खाडीकाठी राहिलो, मातीच्या भरतीवर रोज फावडं मारलं, पण तोच शब्द दोन्हीकडे आहे हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे आम्ही मातीला भराव म्हणतो. त्याच्याकडे समुद्रच नाही. दोघांचंही बरोबर, आणि रोलर पोयीत.

साहेब उठले आणि म्हणाले, "शब्दाचा घोळ मला समजला. वरच्या कचेरीला समजणार नाही. रोलर धडधाकट वर आला तर मी सांभाळून घेईन. नाही आला तर ड्रायव्हर जाईल, तुझाही हजेरीपट फाटेल." सखाराम म्हणाला, "माझी नोकरी घ्यायची तर घ्या, पन त्येला कशाला? त्यो वरडला तरी."

वर काढायचा कसा? बैल लावले. दोर तुटले, बैल गुडघ्यावर आले. चिखलाने रोलर असा धरला होता की ओढावं तितका तो आत बसे. ठाण्याहून मोठी कप्पी मागवायची म्हणाले, पण ती उभी कुठे करणार, सगळीकडे पेज.

तेव्हा नारायण तांडेल पुढे आला. काळवाडीच्या पडाववाल्यांत सगळ्यात म्हातारा, आम्ही त्याला नाना म्हणायचो. रस्ता सुरू झाल्यापासून त्याने कामावरच्या कुणाशी शब्द बोललेला नव्हता, कारण पोय त्याच्या होड्यांची. तो साहेबांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मी काडतू. मना दोन पडाव लागतीन, ते माजंच हान. पन मंग ही पोय बुजवाची नाय."

साहेब म्हणाले, रस्ता आखलेला आहे. नाना म्हणाला, "रेघ तुमची, ती वाकल. पानी वाकाचा नाय." साहेब भरावावर इकडून तिकडे फिरले. त्यांनी काठी खुपसून पाहिली, ती मुठीपर्यंत गेली. शेवटी म्हणाले, इथे भराव टिकणारच नाही असं दिसतंय. रस्ता थोडा आत घेऊ, पोय जिथे अरुंद आहे तिथे खालून पाणी जाईल अशी मोरी बांधून ओलांडू. तोंड मोकळं राहील. पण आधी रोलर.

नाना म्हणाला, पुनवेपर्यंत थांबा, तेव्हा उधाण येतं, सगळ्यात मोठी भरती.

ते मधले दिवस सखारामने पोयीच्या काठावर काढले. ओहोटी लागली की चिखलात उतरायचा आणि रोलरच्या पितळी भागांना तेल चोळायचा. आजारी जनावराशी बोलावं तसं बोलायचा. गावातले लोक बघायला यायचे, कुणी भाकरी-कालवण आणायचे. मी जवळ जाऊन बसायचो. आमच्यात भांडण व्हायचं ते एवढंच की शब्द कुणाचा खरा. मी मागे हटलो नाही. तोही नाही.

पुनवेला ओहोटी लागली तसे नानाने दोन रिकामे पडाव रोलरच्या दोन्ही अंगांना आणून चिखलात टेकवले. दोन्ही पडावांवर सागाचे आडवे सोट टाकले. सागांना नांगराच्या साखळ्या बांधल्या आणि त्या रोलरच्या पोटाखालून फिरवल्या. पोटाखालून साखळी न्यायला चिखलात डोकं घालावं लागत होतं. नानाचे दोन मुलगे आणि मी, आळीपाळीने. सखारामला पोहता येत नव्हतं तरी तो उतरला. साखळ्या अशा आवळल्या की वाजवल्या तर टणटण वाजाव्यात. मग नाना पडावाच्या कडेवर बसला आणि विडी पेटवली. साहेब म्हणाले, आता? नाना म्हणाला, "आता काय नाय. भरती हाय ती करल."

भर दुपारी पुनवेचं पाणी चढायला लागलं. घाई नाही, आवाज नाही. पडावांच्या बुडाला लागलं, पडाव हलले, साखळ्या ताठ झाल्या. पाणी चढतच राहिलं आणि पडाव मात्र वर येईनात. कडा पाण्याजवळ गेल्या. एक साग करकरला. नानाच्या धाकट्या मुलाने कुऱ्हाड हातात घेतली, पडाव बुडायला लागला तर साखळी सोडवायला. पडाव गेले असते तर नानाचं सगळं गेलं असतं. सखाराम डोळे मिटून उभा, हात जोडून, विठ्ठलाचं नाव घेत होता की रोलरचं, देव जाणे.

मग पाण्याखालून एक आवाज आला. जाड चिखलातून पाय निघताना येतो तसा, पण केवढा तरी मोठा. दोन्ही पडाव एकदम हातभर वर उसळले आणि डुलायला लागले. दोघांच्या मध्ये रोलर लटकत होता.

त्या उधाणावरच दोर लावून पडाव काठाकडे ओढले, जिथे आम्ही दगड रचून उतार केला होता. पाणी उतरलं तसा रोलर आपोआप दगडांवर टेकला. बैलांनी बाकीचं केलं. गावच्या बायकांनी विहिरीचं गोडं पाणी कळशा-कळशांनी आणलं आणि सखारामने रोलर आतबाहेर धुतला. पारूवहिनी सगळ्यात पुढे. सगळं खोलून पुसून त्याने पुन्हा आग घातली, आणि शिट्टी वाजली तेव्हा नाना तांडेल मला म्हणाला, "तुजा दोस्त आता तरी भरती वलखल का?"

सखारामची नोकरी राहिली. माझीही. मुकादमाने माझ्याशी बरेच दिवस अबोला धरला, ते बरंच झालं. त्यानंतर रोज सकाळी सखाराम रोलर सुरू करण्याआधी मला विचारायचा, "आज कुठली?" आणि मी सांगायचो, खारी की मातीची. हा आमचा रामराम झाला. काम संपलं तेव्हा तो रोलर घेऊन ठाण्याकडे गेला. टेकाडाआड होईपर्यंत शिट्टी वाजवत होता. नंतर भेट नाही.

वळण आलं ते असं. नानाची पोय वाचावी म्हणून रस्ता वाकला.

पुढचं लिहायला हात जड होतो. रस्ता झाला, लॉऱ्या धक्क्यापर्यंत आल्या. आम्ही खूष. मग लॉरीवाल्यांच्या लक्षात आलं की पडावाची वाट बघण्यापेक्षा माल लॉरीनेच सगळा आणावा. कौलं लॉरीने, मीठ लॉरीने. पडाव कमी कमी होत गेले. बंदरापर्यंत रस्ता मीच चांगला राखला, आणि बंदर त्याच रस्त्याने निघून गेलं. नाना ते बघायला फार राहिला नाही. नंतर पोयही बुजवली. या वेळी कुणाला विचारायची गरज पडली नाही, होडी एकही नव्हती. तिच्यावर बिल्डिंगा झाल्या. आमचीही त्यातलीच, मुलाने घेतली. मी रोज पोयीवर झोपतो.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. पुनवेची दुपार, आभाळ स्वच्छ, आणि खाली मोटारी ठेवतात तिथल्या जाळीतून पाणी वर यायला लागलं. वॉचमन तरुण आहे, सोलापूरकडचा. तो धावत माझ्याकडे आला, "बाबा, पाऊस न्हाई, नळ फुटला न्हाई, ह्ये पाणी आलं कुठनं?"

मी म्हटलं, "भरती हाय."

तो म्हणाला, "व्हय की. भरती घालूनच बांधलीया बिल्डिंग. पर पाणी कुठनं आलं?"

मला मग हसू आलं. शब्द मी बदलला नाही, या वयात बदलणार नाही. पण त्याच्यापुढे दोन जोडले.

"भरती हाय," मी म्हटलं. "मोटारी काढ."